प्रबंधामागचा गाईड

आपल्याकडे ‘गाईड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गाईड विद्यार्थ्याच्या दप्तरात असते. त्यात सगळी उत्तरे तयार असतात आणि म्हणूनच ते वर्गात आणू नका असे आपण सांगतो. दुसरे गाईड विद्यापीठात असतात. पीएच.डी. करणाऱ्याला कोणीही भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘गाईड कोण?’ विषय कोणता हे त्यानंतर विचारले जाते, आणि कित्येकदा विचारलेही जात नाही. गंमत अशी की दुसऱ्या प्रकारच्या गाईडने नेमके तेच करायचे नसते, जे पहिल्या प्रकारचे करते. तयार उत्तर द्यायचे नसते. मग द्यायचे काय, आणि ते चांगले दिले की नाही हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न आज वऱ्हाडात घरोघरचा झाला आहे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. त्यापूर्वी अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांना पीएच.डी.साठी नागपूरच गाठावे लागे. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आले, पण ते शेतीच्या शास्त्रांपुरते. आता तालुक्याच्या गावीही संशोधन केंद्रे आहेत. वाचकांपैकी कित्येक शिक्षक स्वतः नोंदणी करून बसलेले असतील. अमरावतीच्या राजकमल चौकातले गिऱ्हाईक कापड कसे निवडते, जाहिरात पाहून साबण बदलतो तो कोण, शेतकरी बियाण्याची थैली कोणाच्या सांगण्यावरून उचलतो, असे विषय वाणिज्य आणि मानसशास्त्र या दोन्ही शाखांत हमखास आढळतात. या अभ्यासाला ग्राहक-मानसशास्त्र म्हणतात. ते वयाने लहान शास्त्र आहे. त्याचा जन्म कसा झाला हे पाहू लागले की गाईडचाच इतिहास हाती लागतो.

जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ही गोष्ट बी.एड.च्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक असते. तिथे ते प्राध्यापक म्हणून आले १८७५ मध्ये, आणि पुढल्या सुमारे चार दशकांत त्यांच्या हाताखाली १८६ प्रबंध पुरे झाले. इतके विद्यार्थी सांभाळण्याची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना एकत्र उभे करायचे आणि हातातल्या यादीवरून एकेकाला विषय वाटून द्यायचे. निवडीला वाव नाही. ज्याच्या वाट्याला जो प्रश्न आला तो त्याचा. प्रयोगात कोणी निरीक्षण करायचे आणि कोणी यंत्र सांभाळायचे हेही ठरलेले असे.

या शिस्तीत जेम्स कॅटेल नावाचा एक अमेरिकन तरुण शिरला. तो पुढे स्वतः सांगत असे की, आपण वुंटना म्हणालो, तुम्हाला एका साहाय्यकाची गरज आहे आणि तो साहाय्यक मी होणार; त्यावर वुंट उद्गारले, हे अगदी अमेरिकन झाले! प्रबंधाचा विषयही कॅटेलने आपणच निवडला. एखादा शब्द किंवा रंग ओळखायला मनाला किती वेळ लागतो हे मोजण्याचा तो विषय होता. माणसामाणसांत पडणाऱ्या फरकाचे वुंटना काही वाटत नसे. कॅटेलला मात्र त्या फरकातच गोडी होती. तरीही १८८६ मध्ये त्याला लाइपझिगची डॉक्टरेट मिळाली. शिस्तीचा भोक्ता असलेल्या गुरूने शिस्त मोडणाऱ्याला घालवून दिले नाही, ही नोंद वुंटच्या खात्यावर जमा करायला हवी.

त्याच प्रयोगशाळेत हार्लो गेल येऊन गेले. ते अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले आणि १८९५ च्या सुमारास त्यांनी एक विलक्षण उद्योग केला. आसपासच्या सुमारे दोनशे व्यापाऱ्यांना त्यांनी प्रश्नावली पाठवली: तुम्ही जाहिरात का करता, लक्ष वेधून घेण्याचा उत्तम उपाय कोणता, वगैरे. उत्तरे आली वीस-एक. प्रश्नावल्या वाटून महिनाभर वाट पाहणाऱ्या आजच्या संशोधकाला हा आकडा ओळखीचा वाटेल. गेलनी निराश न होता प्रयोगशाळेत जाहिरातींचे तुकडे दाखवून कोणता शब्द, कोणते चित्र आणि कोणता रंग आधी नजरेत भरतो याची मोजणी केली. ग्राहकाच्या मनाचा प्रयोगाने केलेला हा पहिलाच अभ्यास म्हणता येईल. त्यानंतर १९०० मध्ये वॉल्टर डिल स्कॉट हे लाइपझिगची डॉक्टरेट घेऊन अमेरिकेला परतले. १९०३ मध्ये त्यांनी जाहिरातीच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिले आणि १९०८ मध्ये जाहिरातीच्या मानसशास्त्रावर दुसरे.

आता गंमत पाहा. मानसशास्त्राचा बाजारात उपयोग करणे वुंटना मुळीच मान्य नव्हते. शास्त्र अजून पाळण्यात आहे, त्याला एवढ्यात कामाला जुंपू नका, असे त्यांचे मत होते. म्हणजे ग्राहक-मानसशास्त्र ज्याच्या अंगणात रुजले त्याला ते रोप नको होते. असे असताना वुंटना चांगला गाईड म्हणायचे का? मला वाटते म्हणावे. त्यांनी विद्यार्थ्यांना जे दिले ते मत नव्हते. मोजण्याची सवय आणि मोजमापावर शंका घेण्याची सवय त्यांनी दिली. ती घेऊन कोणी कुठे जायचे हे ज्याचे त्याने ठरवले.

वुंटचे आणखी एक शिष्य एडवर्ड टिचेनर. जन्माने इंग्रज, पण १८९२ मध्ये ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि तिथेच राहिले. त्यांची पहिली डॉक्टरेट विद्यार्थिनी मार्गारेट वॉशबर्न. १८९४ मध्ये तिला पदवी मिळाली आणि मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. स्त्रियांना विद्यापीठांची दारे बंद असण्याच्या त्या काळात टिचेनर यांच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया होत्या. मात्र याच टिचेनरनी १९०४ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्रज्ञांचे एक मंडळ काढले आणि त्यात स्त्रियांना येऊ दिले नाही. प्रबंधाला हात द्यायचा आणि मंडळात जागा द्यायची नाही! गाईडचे मोठेपण मोजताना दोन्ही बाजूंच्या नोंदी पाहाव्या लागतात त्या अशा.

कॉर्नेलचे नाव निघाले की अमरावतीकराला दुसरेच कोणी आठवायला हवे. टिचेनर तिथे शिकवत होते त्याच वर्षांत, १९०६ ते १९११, अमरावतीच्या शाळेत शिकलेला एक मुलगा त्या विद्यापीठात होता. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४ चा, रायपूरचा. पण बालपण आणि शालेय शिक्षण अमरावतीला. पुढे मुंबईचे विल्सन कॉलेज आणि तिथून अमेरिका. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून जातिसंस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ‘हिस्ट्री ऑफ कास्ट इन इंडिया’ हा ग्रंथ कॉर्नेलच्या गावी, इथाका येथेच १९०९ मध्ये छापला गेला, आणि १९११ मध्ये केतकर डॉक्टर झाले. पंचविशीतल्या वऱ्हाडी तरुणाने परक्या देशात बसून आपल्याच समाजाकडे तटस्थपणे पाहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिथल्या प्राध्यापकांना मनुस्मृती केतकरांइतकी ठाऊक असणे शक्य नव्हते. विषय विद्यार्थ्याला गाईडपेक्षा अधिक कळतो अशी वेळ प्रत्येक चांगल्या प्रबंधात कधी ना कधी येते. इथे ती पहिल्या दिवसापासून होती.

केतकरांनी परत आल्यावर कोणत्याही विद्यापीठात पीएच.डी.चे विद्यार्थी घेतले नाहीत. पण ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड १९२० ते १९२९ या काळात काढताना त्यांनी जी माणसे तयार केली, तीही एक संशोधनशाळाच होती. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे त्या कामात घडले. पुढे १९३२ ते १९३८ मध्ये याच दोघांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड उभे केले. पदवी नाही, मौखिक परीक्षा नाही, गाईडच्या नावाने प्रमाणपत्र नाही; पण एका मोठ्या कामातून दुसरे मोठे काम निघाले. शिक्षकांच्या खोलीत आपल्या हाताखाली तयार झालेल्या नवख्या सहकाऱ्याचा विचार करताना हे उदाहरण मला अनेकदा आठवते.

केतकरांनंतर दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते एडविन सेलिग्मन आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन. कॅनन यांची गोष्ट गाईड लोकांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

रुपयाचे मूल्य कशाला बांधलेले असावे हा बाबासाहेबांच्या प्रबंधाचा प्रश्न. तो वऱ्हाडला परका नाही. इथला कापूस मुंबईमार्गे परदेशी जात होता आणि त्याची किंमत पौंडात ठरत होती. रुपया महाग झाला की तेवढ्याच पौंडांचे शेतकऱ्याच्या हाती कमी रुपये पडत. एक शिलिंग चार पेन्स की सहा पेन्स हा वाद म्हणूनच कापसाच्या बाजारातही होत होता. त्या वेळी भारतात जी सुवर्ण-विनिमय पद्धती होती ती आंबेडकरांना घातक वाटत होती. कॅनन यांना ती तशी वाटत नव्हती. म्हणजे प्रबंधाच्या मूळ प्रतिपादनालाच गाईडचा विरोध! १९२२ मध्ये सादर केलेला प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत पाठवला. आंबेडकर मुंबईस आले, पुन्हा लिहिला, १९२३ मध्ये परत सादर केला आणि त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत.

त्याच वर्षी प्रबंध पुस्तकरूपाने आला आणि त्याची प्रस्तावना लिहिली कॅनन यांनीच. या पद्धतीवरचा लेखकाचा राग मला मान्य नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत, असे त्यांनी तिथे उघड लिहिले. आणि लगेच हेही लिहिले की काही ठिकाणी त्याने अचूक वर्मावर बोट ठेवले आहे आणि जिथे तो चुकला असे मला वाटले तिथेही त्याच्या विचारातला ताजेपणा मला जागे करणारा वाटला. लेखकाने आपल्या मनोगतात सांगितले ते असे की, कॅनन यांनी कठोरपणे तपासल्यामुळे माझ्या कित्येक चुका टळल्या. प्रस्तावना म्हणजे पाठ थोपटणे अशी समजूत असलेल्या आपल्या देशात ही दोन पाने वेगळीच वाटतात. गाईड म्हणतो, मला पटत नाही. विद्यार्थी म्हणतो, त्यांच्यामुळे माझे लिखाण सुधारले. आणि दोघेही खरे बोलत असतात.

महाराष्ट्रात संशोधक घडवण्याचे काम सर्वात दीर्घकाळ आणि सर्वात मोठ्या प्रमाणावर ज्यांनी केले, त्यांत गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव फार वर येते. ते मालवणचे, जन्म १८९३ चा. संस्कृतात एम.ए. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला आणि तिथून घुर्ये इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन रमले नाही. मग केंब्रिजला त्यांना विल्यम रिव्हर्स भेटले. रिव्हर्स हे मूळचे डॉक्टर. इंग्लंडात प्रायोगिक मानसशास्त्र शिकवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. निलगिरीतील तोडा जमातीवर १९०६ मध्ये ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ. आणि पहिल्या महायुद्धात मन मोडून पडलेल्या सैनिकांवर उपचार करणारे वैद्य. तरुणपणी हे रिव्हर्स हायडेलबर्गला क्रेपेलिन यांच्या प्रयोगशाळेत काम करून आले होते आणि क्रेपेलिन हे वुंटचे शिष्य. म्हणजे लाइपझिगचे पाणी अशा आडवाटेने केंब्रिजहून मुंबईला आले. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. अर्ध्या वाटेवर गाईड गेला की विद्यार्थ्याचे काय होते हे ज्याने भोगले त्यालाच कळते. हॅडन यांनी घुर्यांना सांभाळून घेतले आणि त्यांची पीएच.डी. पुरी झाली.

घुर्ये १९२४ मध्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त झाले. या पस्तीस वर्षांत त्यांच्या मार्गदर्शनाखाली ऐंशीच्या आसपास प्रबंध लिहिले गेले. आकडा मोठा आहे, पण त्या आकड्याच्या पोटात काय आहे ते अधिक पाहण्यासारखे आहे. कूर्गचे लोक, जैन समाज, विवाहसंस्था, जमाती, राष्ट्रवाद: भारताच्या नकाशावर एकेक विद्यार्थी पाठवून जणू त्यांनी पाहणी चालवली होती. स्वतः घुर्ये ग्रंथालयात रमणारे, विद्यार्थ्यांना मात्र गावोगाव पिटाळणारे. स्वभावाने ते कडक होते आणि विषय कोणता घ्यायचा यात त्यांचा शब्द चाले. यादीवरून विषय वाटणाऱ्या वुंटची आठवण यावी इतके.

पण त्यांच्याच हाताखाली अक्षयकुमार देसाई शिकले. देसाई मार्क्सवादी, घुर्ये मार्क्सवादापासून कोसभर दूर. भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी हा देसायांचा प्रबंध १९४६ मध्ये मंजूर झाला आणि १९४८ मध्ये ग्रंथ म्हणून आला. त्यात विश्लेषणाची चौकट सरळ मार्क्सची आहे. घुर्यांनी ती चौकट काढायला लावली नाही. पुढे तो ग्रंथ देशभरच्या महाविद्यालयांत वाचला गेला. ‘गाईडच्या मताविरुद्ध लिहिले तर पास कसे व्हायचे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी कॅननपाठोपाठ हे उदाहरण देतो. तरी विद्यार्थ्याचे समाधान होत नाही, हेही खरे!

म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे, आणि शिक्षकांच्या दृष्टीने सर्वात बोधक. ते घुर्यांकडे आले, म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब यांवर लिहिले, मग कूर्गच्या लोकांत हिंडून माहिती गोळा केली. १९४४ मध्ये त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध दोन जाडजूड खंडांत तयार झाला. रीतिरिवाज, सण, देवदेवता, लग्नविधी, सगळे तपशील त्यात होते. १९४५ मध्ये श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले. तिथे रॅडक्लिफ-ब्राउन यांनी त्यांना नवा विषय दिला नाही. तीच कूर्गची सामग्री पुन्हा घ्या, असे सुचवले. पण या वेळी प्रत्येक विधीला विचारा की हा समाजाची घडी कशी राखतो. रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त झाल्यावर इव्हान्स-प्रिचर्ड यांनी मार्गदर्शन केले. १९४७ मध्ये दुसरी डॉक्टरेट मिळाली आणि १९५२ मध्ये कूर्गवरचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘संस्कृतीकरण’ ही आज शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलेली कल्पना त्याच ग्रंथातली.

एकच माणूस, त्याच वह्या, तीच गावे. दोन गाईड आणि दोन प्रबंध. पहिला वाया गेला म्हणावे का? तसे म्हणणारे आहेत, आणि श्रीनिवासांनी स्वतः पुढे घुर्यांच्या पद्धतीवर टीकाच केली. पण वह्या भरलेल्याच नसत्या तर ऑक्सफर्डला कोणता प्रश्न विचारायचा होता? तपशील टिपायला लावणारा गाईड आणि तपशिलाला प्रश्न विचारायला लावणारा गाईड असे दोन वेगळे गुण आहेत. दोन्ही एका माणसात क्वचित सापडतात. पहिला गुण आपण सहज कमी लेखतो, कारण त्याचे फळ दुसऱ्याच्या झाडाला लागलेले दिसते.

आणखी एका विद्यार्थिनीचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये घुर्यांच्या हाताखाली एम.ए. केले आणि त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीत त्यांचा उपयोग करून घेतला गेला. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता मोजण्याचे काम इरावतीबाईंना मिळाले. या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असे फिशर यांना अपेक्षित होते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. परका देश, परकी भाषा, पंचविशीतली विद्यार्थिनी आणि समोर संस्थेचा सर्वेसर्वा. आकडे मात्र जसे निघाले तसेच प्रबंधात आले. पदवी १९३० मध्ये मिळाली. मुंबईच्या आणि बर्लिनच्या गाईडची तुलना करण्याचा मोह होतो. पण मला त्यात अधिक दिसते ते हे की, गाईड वाईट मताचा असला तरी मोजपट्टी सरळ धरता येते. फक्त त्याची किंमत विद्यार्थ्याला द्यावी लागते. परत आल्यावर १९३९ पासून अखेरपर्यंत इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तिथे त्या स्वतः गाईड झाल्या, आणि मोजपट्टी घेऊन विद्यार्थ्यांबरोबर गावोगाव हिंडल्या.

प्रयोगशाळेतल्या शास्त्रांत गोष्ट थोडी निराळी असते. तिथे गाईड आणि विद्यार्थी एकाच ओट्यापाशी उभे असतात आणि दोघांचे नाव एकाच निबंधावर येते. त्याचे उदाहरणही आपल्या भागातले आहे. कारंजा हे कापसाच्या व्यापाराचे जुने गाव, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातले, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यातले. तिथे १९१८ मध्ये बाळ दत्तात्रेय टिळक यांचा जन्म झाला. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात ते के. व्यंकटरामन यांच्याकडे रंगद्रव्यांचे रसायन शिकले. कापसाला रंग कसा धरतो हाच तो विषय! व्यंकटरामन हे इंग्लंडात रॉबर्ट रॉबिन्सन यांचे शिष्य, आणि टिळकही पुढे ऑक्सफर्डला त्याच रॉबिन्सनकडे गेले. गुरूने शिष्याला आपल्या गुरूकडे पाठवावे, यात एक मोकळेपणा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद १९५७ ते १९६६ व्यंकटरामन यांच्याकडे आणि १९६६ ते १९७८ टिळकांकडे होते. निवृत्तीनंतर टिळकांनी विज्ञान खेड्यात नेण्याचे काम हाती घेतले. रंगद्रव्यांच्या गुरूने ते शिकवले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चांगल्या गाईडला दाद कशी द्यायची? जुनी रीत होती गौरवग्रंथाची. घुर्यांचा गौरवग्रंथ १९५४ मध्ये त्यांचे शिष्य के. एम. कापडिया यांनी संपादित केला आणि १९७६ मध्ये दुसराही निघाला. गौरवग्रंथात शिष्य आपापले नवे संशोधन लिहितात. गुरूची स्तुती थोडी आणि काम पुष्कळ. दुसरी रीत जोडनावाची. ग्राहकाच्या वागण्याचा अभ्यास पुढे ज्या ग्रंथाने वळणावर आणला तो ‘द थिअरी ऑफ बायर बिहेवियर’ १९६९ मध्ये निघाला. त्यावर दोन नावे आहेत: जॉन हॉवर्ड आणि जगदीश शेठ. शेठ रंगूनला जन्मलेले, महायुद्धात घरच्यांसोबत भारतात आलेले आणि मद्रासला वाढलेले. पिट्सबर्गला ते हॉवर्ड यांचे विद्यार्थी होते आणि तिथेच १९६६ मध्ये पीएच.डी. झाले. गुरूने शिष्याला तळटिपेत आभार न मानता मुखपृष्ठावर शेजारी बसवले. आज अमेरिकेत विपणनशास्त्राच्या निवडक पीएच.डी. विद्यार्थ्यांचा जो वार्षिक मेळावा अनुभवी संशोधकांच्या सहवासात भरतो, त्याला शेठ यांच्या प्रतिष्ठानचे नाव जोडलेले आहे.

तिसरी रीत अलीकडची, पुरस्काराची. ‘नेचर’ हे विज्ञान साप्ताहिक २००५ पासून मार्गदर्शनासाठी पुरस्कार देते. दरवर्षी एक देश किंवा प्रदेश निवडला जातो. इतर विद्वत्संस्थांतही ही पद्धत रुजते आहे. शोधासाठी पारितोषिके शतकभर होती, शोध लावणारा घडवण्यासाठी नव्हती, हे उशिरा लक्षात आले.

आणि आपल्याकडची रीत? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत, पदवी मिळालेल्या प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला दहा गुण मिळतात आणि प्रबंध नुसता सादर झाला तर पाच. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, अशी मर्यादाही आहे. मर्यादा योग्यच आहे. वुंटच्या १८६ चे अनुकरण कोणी करू नये. पण या गुणांच्या हिशेबात कॅननना आंबेडकरांचे दहा आणि फिशरना इरावतीबाईंचेही दहाच! देसायांची चौकट तशीच राहू देणाऱ्या घुर्यांना त्याबद्दल जास्तीचा एकही गुण नाही. वाचलेले प्रकरण परत पाठवणाऱ्या गाईडला तर या हिशेबात तोटाच आहे, कारण त्याचे पाच गुण वर्षभर लांबतात.

गुणांपेक्षा वेगळा पुरावा हवा असेल तर तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडला आहे. प्रबंधांची पहिली चार पाने कोणी वाचत नाही. मी मात्र फावल्या वेळात तीच वाचतो. ऋणनिर्देशाचे पान बहुतेक एकाच साच्याचे असते: परमपूज्य, वंदनीय, अनमोल मार्गदर्शन, आईवडील, पत्नी, टंकलेखक. अशी पंचवीस-तीस पाने उलटली की मधेच एखादे निराळे निघते. एका प्रबंधात उमेदवाराने लिहिले होते की सरांनी तिसरे प्रकरण चार वेळा परत केले, चौथ्या वेळी मी चिडलो होतो, आणि पाचव्या वेळी माझी प्रश्नावलीच चुकीची होती हे मला कळले. त्यापुढे सरांसाठी एकही विशेषण नव्हते. तो प्रबंध मी बसून पुरा वाचला.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सुटीत एक काम देता येईल. आपल्या गावातल्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एखाद्या पीएच.डी. झालेल्या शिक्षकाला त्यांचे गाईड कोण, त्या गाईडचे गाईड कोण, असे विचारत मागे जायचे आणि वंशावळ काढायची. नागपूर किंवा मुंबईपर्यंत ती सहज जाते. रसायन आणि मानसशास्त्र यांत जर्मनीपर्यंतही पोचेल. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायची: विद्यार्थ्याचे आणि गाईडचे कोणत्या मुद्द्यावर पटले नाही.